गवसणी

तंबोऱ्याला गवसणी असते, सतारीला असते, देवघरातली पोथी लाल बासनात बांधलेली असते. परंतु वीतभर लांबीच्या एका वाचनयंत्राला गवसणी शिवायची, ती कशाची शिवायची, तिला बंद लावायचे की बटण, एवढ्यावर चार जाणती माणसे अख्खा आषाढ भांडू शकतात, हे मला चाळिशी उलटल्यावर समजले. भांडणारांत मीही होतो. माझा पक्ष बंदांचा होता आणि तो हरला.

रणभूमी सेमाडोहची. परतवाड्याहून धारणीकडे निघालेली एस्टी घाटाची वळणे मोजत सिपना नदीपाशी येते आणि क्षणभर दम खाते, ते आमचे गाव. बाहेरची मंडळी येथे वाघ बघायला येतात. वाघ बहुधा दर्शन देत नाही. मग ती थांब्यासमोरच्या हॉटेलात चहा घेतात, वाघासाठी आणलेल्या दुर्बिणीतून थोडा वेळ आम्हांलाच न्याहाळतात आणि अंधार पडायच्या आत परततात. हॉटेल म्हणजे काय, चार बाकडी, एक भट्टी आणि भट्टीमागे मावशी. गावातल्या थोरामोठ्यांची ती मावशीच. तिचे खरे नाव रेशनकार्डावर असेल. याच हॉटेलात दिवेलागणीनंतर आमचा अड्डा जमतो. अड्ड्याला घटना नाही, वर्गणी नाही. विषय मात्र ठरलेला : विज्ञानकथा.

जंगलात राहून चंद्रमंगळाच्या गप्पा कसल्या मारता, असे कोणी विचारील. मला विचाराल तर अशा गप्पांना जंगलासारखी जागा नाही. पुण्यामुंबईच्या माणसाला आकाश बघायचे तर गच्चीवर जावे लागते, आणि तेथेही दिव्यांच्या झगमगाटात चार तारे मोठ्या मिनतवारीने सापडतात. आमच्याकडे वीज गेली, आणि ती जातेच, की आकाश आपण होऊन हॉटेलाच्या पत्र्यावर येऊन टेकते.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वस्तीशाळेवर लागलो तेव्हापासून पोरांना बाराखडी शिकवतो आहे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यांत प्रेम असते, दुष्काळ असतो, क्वचित दोन्ही एकाच प्रकरणात असतात. पण अवकाशयान अद्याप एकदाही उडालेले नाही. वेड मात्र लहानपणचे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला, त्या मुलांतला मी एक. फुरसुंगीच्या फास्टर फेणेबरोबर सायकल हाणावी आणि दुसऱ्या दिवशी भागवतांचेच बोट धरून ‘चंद्रावर स्वारी’ करावी, नाहीतर ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ठोकावा, असे ते दिवस होते. व्हर्नने १८६५ साली आपली चंद्राची तोफ फ्लोरिडात रोवली आणि शंभर वर्षांनी, १९६९ मध्ये, माणूस खरोखरच फ्लोरिडातून चंद्राकडे निघाला, हे जेव्हा प्रथम वाचले तेव्हा मला त्या फ्रेंच म्हाताऱ्याची भीतीच वाटली होती.

अड्ड्यावरचे दुसरे मानकरी निवृत्त कंपाउंडर. सारे गाव त्यांना डाक्टर म्हणते. त्यांचे दैवत नारायण धारप. लोक धारपांना भुताखेतांचे लेखक समजतात. पण ‘नेनचिम’ लिहिणाऱ्याला केवळ भयकथाकार म्हणणे हा डाक्टरांच्या लेखी फौजदारी गुन्हा आहे. जुन्या ‘नवल’चे आणि ‘धनंजय’चे दिवाळी अंक त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवले होते. मराठी विज्ञानकथा दिवाळी अंकांच्याच मांडीवर वाढली, असे त्यांचे ठाम मत आहे, आणि ते दिवाळी अंकातच छापले जात आहे म्हणून त्यांना विशेष आनंद होईल.

तिसरे वनरक्षक. त्यांना आम्ही गार्डसाहेब म्हणतो. ते अचलपूरकडचे, अस्सल वऱ्हाडी, आणि जयंत नारळीकरांचे भक्त. १९७४ ची गोष्ट त्यांनी आम्हांला किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. मराठी विज्ञान परिषदेची कथास्पर्धा होती. नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. आपल्या नावाकडे पाहून परीक्षकांनी भुलू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतले. एवढ्याने भागले नाही, अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा मंगलाबाईंच्या हातून लिहवून घेतली आणि धाडली. ‘कृष्णविवर’ला पहिले बक्षीस मिळाले. “पाहा बावा,” गार्डसाहेब येथे नेहमी थांबतात, “एवढा मोठा मानूस, पन वशिला नाई!” २०२५ च्या २० मे रोजी नारळीकर पुण्यात वारले. त्या संध्याकाळी गार्डसाहेबांनी ही गोष्ट पुन्हा एकदा सांगितली, आणि एरवी मध्येच धारप काढणारे डाक्टर पहिल्यापासून शेवटपर्यंत गप्प बसून राहिले.

चौथी सभासद वयाने सगळ्यांत लहान. मावशीची भाची, कोरकू मुलगी, मावशीकडे राहून शिकणारी. हिचे घर आत, गाभा क्षेत्रातल्या एका ढाण्यावर. कपबश्या विसळता विसळता ती ऐकत असे. पुढे विसळणे राहिले आणि ऐकणे उरले. हिचा आवडता माणूस कॅप्टन निमो. समुद्राच्या पोटात राहणारा, राज्यकर्त्यांवर रुसलेला हा माणूस मुळात आपल्या बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कर होता, हे व्हर्नने पुढच्या ‘गूढ बेटा’च्या गोष्टीत सांगितले आहे. बुंदेलखंड म्हटल्यावर पोरीचे डोळे चमकले. तिने नकाशा काढला. सिपना तापीला मिळते, तापी अरबी समुद्राला. “म्हंजे सर, निमोची बोट पावसाळ्यात इथवर येऊ शकते!” मी म्हटले, पाणी पुरायचे नाही. ती म्हणाली, “थे बोटवाल्यानं पाहावं.” लहान पोरांना ती हीच गोष्ट कोरकूत सांगते. मी एकदा आडोशाला उभा राहून ऐकली. मला कळले ते निमो आणि पाणी एवढेच, पण पोरांचे श्वास अडकलेले ऐकू येत होते.

आता यंत्राकडे वळतो. आमच्याकडे पुस्तकाचे दोन वैरी, पावसाळ्यात बुरशी आणि बारा महिने वाळवी. डाक्टरांची ट्रंक एका साली उघडली तेव्हा आत ‘नवल’च्या जागी मातीचे सुंदर बोगदे निघाले, मुखपृष्ठावरचा राक्षस तेवढा वाळवीने शिल्लक ठेवला होता. हे दुःख मी बंगळूरच्या भाच्याला पत्राने, म्हणजे मोबाइलवरून, कळवले. त्याने आपले जुने किंडल पाठवून दिले. त्यात शेकडो पुस्तके मावतात आणि वाळवीला ते खाता येत नाही, असे सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते.

मंडळींनी ते हातोहाती पाहिले. पाटी म्हणावी तर खडू नाही, मोबाइल म्हणावा तर डोळ्यांवर उजेड मारत नाही. डाक्टरांनी त्याचे मर्म साबुदाण्यावरून समजावले. कल्पना करा, केसाच्या जाडीएवढा साबुदाणा. असे लक्षावधी दाणे काचेखाली पसरलेले. प्रत्येक दाण्यात थोडी पांढरी पूड, थोडी काळी. दोन्हींवर विजेचा भार, पण उलटसुलट. खालून वीज दिली की काळी वर येते, नाहीतर पांढरी. काळ्यांची झाली अक्षरे, पांढऱ्यांचा झाला कागद. पान एकदा उमटले की वीज लागत नाही. ती लागते फक्त पान उलटायला. म्हणून एकदा भरलेली बॅटरी कित्येक दिवस पुरते. वीज कमी, पाऊस जास्त अशा मुलखासाठीच कोणी हे बेतले असावे, असे आम्हां सर्वांचे एकमत झाले. आमचे एकमत झाल्याचा तो बहुधा शेवटचा प्रसंग.

कारण त्यानंतर अलंकारांचा प्रश्न आला. उघडे यंत्र हॉटेलात ठेवायचे कसे? मी रेक्झिनची, बंद असलेली गवसणी सुचवली. डाक्टर म्हणाले, बंदाची गाठ ओली झाली की सुटत नाही, बटण हवे. गार्डसाहेबांना खाकी कापड हवे होते. शेवटी परतवाड्याच्या शिंप्याने शाळेच्या जुन्या दप्तराची शिवून दिली; दप्तराचे बटण आयतेच होते. पावसासाठी मावशीने साखरेची जाड पिशवी दिली. तीत घालून वरूनही पान उलटता येते, हा शोध पोरीचा. रात्रीसाठी चिमट्याचा छोटा दिवा आणला, कारण यंत्र जुने आणि त्याला स्वतःचा उजेड नाही. दिवा भरायचा सौर कंदिलावर. आणि ठेवायला हवी घोडी, पोथीला असते तशी. सुताराकडे सागाची छानशी फळी होती. गार्डसाहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली.

“मास्तर, हा साग कोठचा हे सांगा पयले. पंचनामा करा लागीन.”

“अहो, पुस्तकाच्या घोडीला पंचनामा?”

“घोडीले नाई, सागाले.”

घोडी अखेर मावशीच्या मोडक्या पाटाची झाली.

पुस्तके भरणे हा एक निराळाच उद्योग. नेटवर्क आमच्याकडे पाहुण्यासारखे येते. हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजले. ते आमच्याच रस्त्यावर, पण त्या गाजण्याचा आवाज घाटात विरतो. परतवाड्याला कोणी निघाले की त्याच्या हाती यंत्र द्यायचे. मराठी पुस्तके त्यावर अधिकृतपणे आली ती २०१६ च्या अखेरीला. ई-साहित्य प्रतिष्ठानची फुकट पुस्तकेही आम्ही घेतो. मात्र ती बहुतेक मोठ्या पानासाठी मांडलेली, सहा इंचांत अक्षरे मुंगीएवढी होतात, आणि मोठी करावीत तर ओळीचे शेपूट कापले जाते. डाक्टरांनी त्यासाठी भिंग आणले. यंत्रावर भिंग धरून वाचणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. व्हर्न आणि वेल्स मात्र इंग्रजीत हवे तेवढे फुकट मिळतात. मायकेल हार्ट नावाच्या गृहस्थाने १९७१ मध्ये जुनी पुस्तके संगणकावर चढवून वाटायला सुरुवात केली, त्या धर्मादायाचे पाणी झिरपत झिरपत येथवर आले. ते इंग्रजी मी अडखळत वाचतो आणि वऱ्हाडीत सांगतो.

अशीच एके दिवशी ॲसिमॉव्हची छोटी गोष्ट सांगितली. १९५१ ची. २१५७ सालच्या मुलांना माळ्यावर एक कागदी पुस्तक सापडते आणि त्यातले शब्द जागचे हलत नाहीत याचे त्यांना नवल वाटते. डाक्टर भारावले. पोरगी म्हणाली, “त्यांच्या माळ्यावर उधी नसन.” उधी म्हणजे वाळवी. सत्तर वर्षांत या गोष्टीवर पुष्कळ लिहिले गेले असेल, पण ही शंका कोणी काढली असेल असे मला वाटत नाही.

आवडत्या पुस्तकांची भांडणे तर रोजची. धारप थोर की नारळीकर, लक्ष्मण लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ कथा अधिक हृद्य की फोंडक्यांच्या कथा. विज्ञान पक्के हवे की माणूस पक्का हवा. गार्डसाहेब म्हणत, विज्ञान चुकले तर ती परीकथा. डाक्टर म्हणत, परीकथा तर परीकथा, रात्री झोप उडाली पाहिजे. ‘वामन परत न आला’ निघाली तेव्हा मावशीने भट्टीमागून विचारले, “वामन म्हंजे थोच ना, तीन पावलं जागा मांगनारा?” मी सांगितले, हा वामन यंत्रमानव आहे, जमिनीखाली सापडलेल्या एका जुन्या संस्कृतीच्या ठेव्यावरून घडवलेला. “असन,” मावशी म्हणाली, “पन आधी थोडंसंच मांगत असन.”

गेल्या हिवाळ्यात गार्डसाहेबांनी ‘अभयारण्य’ काढले. त्यांना नावच आवडले. त्यावरून मी त्यांना फर्मीचा प्रश्न सांगितला. विश्व एवढे जुने, एवढे अफाट. मग दुसरीकडचे कोणी आपल्याकडे येत का नाही? हे कोडे त्या शास्त्रज्ञाने १९५० मध्ये मित्रांबरोबर जेवता जेवता टाकले. त्याला अनेकांनी अनेक उत्तरे दिली. जॉन बॉल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाचे उत्तर असे की, ते आहेत, त्यांना आपण ठाऊकही आहोत, पण त्यांनी आपल्याला राखीव ठेवले आहे, प्राणिसंग्रहालयासारखे. लांबून बघायचे, आत यायचे नाही, बघतो आहोत हे कळू द्यायचे नाही. हे उत्तर त्याने छापले १९७३ मध्ये. आणि १९७३ सालीच आपल्या देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आमचा मेळघाट होता.

गार्डसाहेब खूश झाले. “बराबर हाये. आमी झाडाईले समोरासमोर दोन कॅमेरे लावतो. वाघाच्या दोन्ही कुशीचे पट्टे येगयेगळे, म्हनून दोन. आपल्या बोटाच्या ठशासारखे, एकाचे दुसऱ्याले नाई. आता वाघाले का मालूम आपला फोटो निघून राह्यला?”

“मोहफुलं येचाले जाते त्या बायाईचाबी निघते,” मावशी म्हणाली.

पोरगी इतका वेळ घोडीवरच्या पानाकडे बघत होती. ती म्हणाली, “सर, अभयारण्य झालं म्हंजे आतल्या मानसाईले उठवते. मंग थे वरचे लोक पृथ्वीवरून कोनाले उठवतीन?”

भट्टीतली लाकडे तडतडली तेवढीच. गार्डसाहेबांनी चहा बशीत ओतला आणि तो बराच वेळ फुंकत राहिले.

येथे थोडे खुलासेवार सांगायला हवे. गाभ्यातली गावे बाहेर नेण्याचे काम मेळघाटात या शतकाच्या आरंभी सुरू झाले. बोरी, कोहा, कुंड ही पहिली, डोंगर उतरून अकोटकडे गेली. पुढे वैराट आणि आणखी कितीतरी. गाव गेले की शेतांच्या जागी गवत माजते, गवतावर चितळ-सांबर येतात, त्यांच्यामागे वाघ येतो. गार्डसाहेबांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो; त्यांना खोटे म्हणता येणार नाही. डोंगराखाली रस्ता आहे, दवाखाना आहे, बाळंतीण अडली तर गाडी येते, म्हणून आपखुशीने गेलेलेही आहेत. आणि तेथे गेल्यावर मोह नाही, नदी नाही, हातात आलेले पैसे केव्हाच सरले, म्हणून डोंगराकडे तोंड करून बसणारेही आहेत. कुटुंबामागे २००८ पासून दहा लाख होते, २०२१ मध्ये पंधरा झाले. अठरा वर्षे पुरी झालेला मुलगा किंवा अविवाहित मुलगी वेगळे कुटुंब धरतात.

पोरीच्या ढाण्याचा ठराव झाला तेव्हा ठरलेल्या तारखेला तिला अठरा पुरी व्हायला अवकाश होता. “माहं कुटुंब व्हाले पाच महिने कमी पडले,” ती हसून म्हणाली. मी कादंबऱ्या लिहितो. असे वाक्य माझ्या एकाही पात्राच्या तोंडी आलेले नाही.

आईबापांबरोबर तिला जावे लागणार होते. शिक्षण पुढे अकोटला. मग अड्ड्यावर यंत्राचा विषय निघाला, आणि तो तिच्यासमोर नव्हे, ती पाणी आणायला गेली असताना. डाक्टरांनी प्रथम हरकत घेतली : त्यांचे भिंग, त्यांचे धारप, सारे त्यात. नंतर स्वतःच म्हणाले, सामान बांधताना माणूस पुस्तकांचे कपाट सर्वांत शेवटी उचलतो आणि ट्रकमध्ये जागा नाही म्हणून सर्वांत आधी उतरवतो. हे कपाट पदराला बांधून नेता येईल. गार्डसाहेब काहीच बोलले नाहीत. उठून गेले आणि तासाभराने परत आले ते काखेत नवी घोडी घेऊन. सागाची होती. आम्ही पंचनाम्याचे नाव काढले नाही.

ती गेली त्याला आता काही महिने झाले. मोबाइलवर अधूनमधून चार ओळी येतात. नव्या वस्तीतल्या पोरांना निमोची गोष्ट सांगून झाली. बोट तापीतून पूर्णेत कशी वळवली ते तिने मला विचारले नाही, परस्पर वळवून टाकले. गवसणीचे बटण तुटले, तिने बंद लावले, हे वाचून मला झालेला आनंद मी डाक्टरांपासून लपवला नाही.

परवा परतवाड्याच्या स्टँडवरून ओळखीच्या कंडक्टरने एक पुडके आणून दिले. आत चिमट्याचा दिवा, साखरेच्या त्याच पिशवीत गुंडाळलेला. सोबत चिठ्ठी : येथे रात्रभर खांबावर लाइट असते, दिवा लागत नाही, तारेही दिसत नाहीत, पण ते पाठवता येत नाहीत. दिवा कोणी ठेवायचा यावर हल्ली अड्ड्यावर वाद चालू आहे. डाक्टर म्हणतात, त्यांच्या डोळ्यांना गरज जास्त. गार्डसाहेब म्हणतात, रात्रीची गस्त त्यांची. मावशीने तो तूर्त भट्टीमागच्या खिळ्याला लावून ठेवला आहे आणि कोणालाही हात लावू देत नाही.